भरतीचं गणित: नवी मुंबईच्या खाडीकाठी रोजचे फोटो कसे काढावेत

नवी मुंबईला काठ भरपूर, चौपाटी मात्र एकही नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत शहराची अख्खी पश्चिम बाजू ठाणे खाडीला लागून आहे आणि या काठावर वाळूच्या जागी गाळ आहे, तिवरांचं रान आहे. एकाच जागी एका संध्याकाळी पायाशी पाणी लागतं आणि आठवड्याने गेलं तर समोर नजर पोहोचेल तिथवर नुसता काळा चिखल. त्यामुळे सूर्यास्ताची वेळ बघून कॅमेरा उचलायचा ही गिरगाव-जुहूची रीत इथे अर्धीच कामाला येते. मी लग्नं-बारशी करून पोट भरते आणि उरलेल्या वेळात सीवूड्स, नेरूळ, बेलापूरच्या काठाने फिरते. नवखी मंडळी विचारतात, कुठली लेन्स घेऊ? मी म्हणते, आधी पंचांग घ्या.

तिथीची पाऊणपट

कोकणात आणि इथल्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. त्या पक्षातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, येईल तो आकडा म्हणजे भरतीचा तास. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळीही तेच आणि संध्याकाळीही साधारण तेच, कारण दोन भरत्यांमध्ये बारा तास आणि वर पंचवीसेक मिनिटं असतात. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब एकच.

हा हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अष्टमीच्या आसपास जरा जास्तच. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. मोबाइलवर मिळणारे बहुतेक तक्ते मुंबई बंदरासाठी, म्हणजे अपोलो बंदरासाठी असतात. खाडीत आत पाणी चढायला त्याहून उशीर लागतो. बेलापूरपेक्षा वाशीला उशिरा, वाशीपेक्षा ऐरोलीला. मग तक्ता असताना तिथी कशाला? तर तक्ता उद्याचं सांगतो, तिथी अख्ख्या महिन्याचं चित्र एका नजरेत देते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून कुठल्या रविवारी लवकर उठायचं आणि कुठल्या रविवारी खुशाल झोपायचं, हे ठरवता येतं.

आता खरी गोम. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि उतरतंही सगळ्यात जास्त. पण आपल्याकडे ही भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त, फोटोग्राफरच्या लाडक्या दोन्ही वेळा, नेमक्या ओहोटीत सापडतात. उलट अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, उजेड सोन्यासारखा आणि समोर पाणी. पण ती भांगाची भरती, पाणी बेताचंच. निसर्गाने पाणी आणि उजेड एकाच ताटात वाढलेले नाहीत. खाडीकाठचं सगळं नियोजन म्हणजे या दोघांची तडजोड.

माझी तडजोड अशी. सकाळी पक्षी हवे असतील तर दशमी ते द्वादशी. भरती आठ-नऊच्या पुढे, पाणी पुन्हा वाढीला लागलेलं, थंडीत त्या वेळी ऊन अजून तिरपं असतं. संध्याकाळी हवे असतील तर तृतीया ते पंचमी. दुपारी दोन-चारच्या दरम्यान मोठी भरती होऊन गेलेली असते आणि पाणी उतरताना ऊन कलतं. पाण्यावर मावळणारा सूर्य हवा असेल तर अष्टमी-नवमी. आणि गाळाच्या नक्षीसाठी, चिखलात कलंडलेल्या होड्यांसाठी पौर्णिमा-अमावास्येची सकाळ-संध्याकाळ. पौर्णिमेला आणखी एक वरकमाई: संध्याकाळी चंद्र पूर्वेकडच्या पारसिकच्या डोंगरावर उगवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाडीवर मावळतो, उजाडता उजाडता. तेव्हा ओहोटी असते, त्यामुळे मधल्या ओहळांतल्या पाण्यातच त्याचं प्रतिबिंब पडतं, आणि ते पूर्ण भरलेल्या खाडीतल्यापेक्षा मला जास्त आवडतं.

तोंड पश्चिमेला

आपला काठ पश्चिमेकडे बघतो. सकाळी सूर्य पारसिकच्या बाजूने, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि खाडीतली प्रत्येक गोष्ट समोरून उजळते. पक्ष्यांचे रंग, होडीवरचा रंग, कोळ्याचा चेहरा, सगळं स्पष्ट. संध्याकाळी तोच सूर्य समोर, खाडीपलीकडच्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या, आपल्या काठच्या तुर्भ्याच्या नव्हे) टेकडीकडे उतरतो आणि सगळ्याच्या काळ्या आकृत्या होतात. पलीकडे शिवडी-भांडुपला हे बरोब्बर उलटं. तिथे काढलेले फोटो बघून इथे संध्याकाळी गुलाबी फ्लेमिंगो शोधायला येणारे पुष्कळ असतात, आणि काळे फ्लेमिंगो घेऊन परततात. काळी आकृती काढायचीच असेल तर संध्याकाळ उत्तम आहे. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर आकाशावर धरा, एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा, आणि दोन पक्षी एकमेकांत मिसळणार नाहीत इतकी वाट बघा. आकृतीत मान आणि चोच सुटी दिसली पाहिजे, नाहीतर नुसता डाग.

जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मेअखेर सहाला. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर थांबण्यात अर्थ नसतो. तापलेल्या गाळावरून उठणारी हवा थरथरायला लागते आणि लांब लेन्समधून सगळं लिबलिबीत दिसतं. लाखाची लेन्स असली तरी त्यावर इलाज नाही. घरी जाऊन पोहे खावेत.

फ्लेमिंगोंची सकाळ, पायरीपायरीने

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि मे संपेपर्यंत असतात, काही पाऊस पडेपर्यंत रेंगाळतात. बहुतेक थवे छोट्या फ्लेमिंगोंचे. चोच गडद, अंगावर गुलाबी जास्त. त्यांच्यात मोठा फ्लेमिंगो उंचीमुळे उठून दिसतो, अंग पांढरट, चोच गुलाबी आणि तिचं टोक काळं. करड्या रंगाची असतात ती पिल्लं, आजारी पक्षी नव्हेत. खाडीच्या वरच्या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. आपण जिथून फोटो काढतो त्या सीवूड्सच्या पाणथळ जागा, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची आणि डीपीएस शाळेजवळचा तलाव, या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तरी पक्ष्यांसाठी त्या खाडीइतक्याच मोलाच्या, आणि त्याचं कारण पुन्हा भरतीच.

ओहोटीला फ्लेमिंगो खाडीतल्या उघड्या गाळावर पांगून चरतात. किनाऱ्यावरून ते ठिपक्यांएवढे दिसतात. पाणी चढून गाळ बुडायला लागला की त्यांना उभं राहायला उथळ जागा लागते आणि ते थव्याथव्याने या तलावांवर येतात. म्हणून भरतीच्या ऐन वेळेला पोहोचणारा उशिरा पोहोचतो. उडत येणारे थवे हवे असतील तर भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर हजर राहायचं. भरती साडेआठची असेल तर साडेसहाला. ऐन भरतीत पक्षी उभे, झोपलेले, एका पायावर. भरतीनंतर तास-दीड तासाने परतीची उड्डाणं सुरू होतात.

जागेवर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. पाण्याच्या काठावर उभं राहू नका, झाडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला थांबा. कपडे मातकट, लाल-पांढरे नकोत. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यांच्या मागे पाणीच पाणी येतं. गुडघ्यावर बसलं की लेन्स पाण्याच्या पातळीला येते आणि मागचे तिवर हिरव्या पट्ट्यासारखे धूसर होतात. बसायला जाड प्लास्टिकचं पोतं न्या. डासांचं मलम घरूनच लावून निघा, तिथे लावलेलं हाताने लेन्सवर जातं.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, ते इथे उपयोगी पडतात. सकाळी मतलई वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो आणि मोठे पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतात, म्हणजे आपल्याकडे तोंड करून. दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून सुटतो, तेव्हा उड्डाण आपल्याकडे पाठ करून. वारा पडलेला असेल तर भरवसा नाही.

उड्डाणाची चाहूल आधी लागते, फक्त व्ह्यूफाइंडरमधून डोळा बाहेर काढून बघायला हवं. चरणाऱ्या थव्यातल्या माना खाली, चोची पाण्यात उलट्या बुडवलेल्या असतात. मग एकेक मान वर येते. मग सगळ्या. मग थवा एकाच दिशेला चालायला लागतो, घाईघाईने, एकमेकांना खेटून. यानंतर ते पाण्यावर धावतात आणि पंख उघडतात, तेव्हाच आतला काळा-लाल रंग दिसतो. माना वर जाताच शटर १/२००० सेकंदावर गेलेलं असायला हवं. धावताना सेटिंग शोधत बसलात तर फोटो गेला. मात्र माना वर येण्याचं कारण तुम्ही असाल, म्हणजे त्या तुमच्याकडे वळलेल्या असतील, तर खाली बसा किंवा मागे सरका. दर उड्डाणात पक्ष्याचं खाल्लेलं खर्ची पडतं. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे महाभाग दर मोसमात भेटतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पक्ष्यांना असं हुसकावणं त्याला चालत नाही, हे त्यांना शांतपणे सांगावं. ऐकलं नाही तर वनखात्याला फोन.

सेटिंगचं थोडक्यात. चरणाऱ्या पक्ष्यांना १/५०० पुरतं, उडणाऱ्यांना १/१६०० ते १/२०००. ऍपर्चर एफ/८ च्या आसपास, म्हणजे थव्यातले पुढचे-मागचे बऱ्यापैकी स्पष्ट येतात. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर, वरची मर्यादा ३२०० ठेवा. गडद पाण्यावरचा फिका पक्षी कॅमेऱ्याला फसवतो आणि अंगावरचा गुलाबी पांढरा होऊन जातो, म्हणून एक्स्पोजर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप कमी. शेजारी बगळा असेल तर एक स्टॉपही. लेन्स ४०० मिमीच्या खाली असेल तर एकट्या पक्ष्याचा हट्ट सोडा आणि थवा, मागच्या इमारती, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा असं सगळं चौकटीत घ्या. नवी मुंबईचा फ्लेमिंगो तसाच दिसतो, टॉवरच्या पायथ्याशी. तारा पुसून टाकून त्याला आफ्रिकेत नेऊन ठेवण्यात मला रस नाही.

फ्लेमिंगो आले नाहीत तर शेकाट्या आहेत, उचाट आहेत, खंड्या आहे. शेकाट्याचे लाल पाय आणि पाण्यातलं प्रतिबिंब यावर अख्खी सकाळ निघते.

जवळून बघायचं तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. तिथून बोटफेरी निघते, पण पाणी असेल तेव्हाच, म्हणून फेरीच्या वेळा रोज बदलतात; आधी बुकिंग करूनच जा. बोटीत तिपाई (ट्रायपॉड) नको, १००-४०० सारखी झूम पुरे, आणि कोपर बोटीच्या कडेला टेकवू नका, इंजिनाची थरथर सरळ फोटोत उतरते.

गाळ

गाळात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत जातं, आणि पाणी परतताना ओहळांतून आधी मागच्या बाजूला भरतं. कोळी फळीच्या आधाराने किंवा पिढ्यांच्या सवयीने तिथे वावरतात. आपण बांधावर, जेट्टीवर थांबावं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांवर पाय पडला की ती मोडतात. एकटीने आडबाजूला जाऊ नये, जोडीला कुणी असावं. हे पुरुषांनाही लागू आहे, हातात दीड लाखाचा कॅमेरा असेल तर जास्तच.

बांधावरून मात्र ओहोटीचा गाळ मिळतोच मिळतो. तिरप्या उन्हात ओहळांच्या कडा चमकतात, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात. निवटीसाठी एका बिळावर फोकस लावून ठेवायचा आणि १/१००० वर वाट बघायची.

रस्त्यावरचं, शहरातलं

पाम बीच रोडवर सकाळी सायकलवाले असतात. फुटपाथवरून १/३० वर कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत काढलं तर मागची झाडं रेघा होऊन जातात. रस्त्यात उतरू नका, तिथल्या गाड्या थांबत नाहीत. वाशीला सागर विहार आणि मिनी सीशोर संध्याकाळी बरे. कुटुंबं, कणीस, आइस्क्रीमच्या गाड्या. पूल काठावरूनच काढा. अटल सेतूवर गाडी थांबवून फोटो काढायला बंदी आहे आणि दंड होतो. तो किनाऱ्यावरूनच, धुकं नसलेल्या सकाळी.

नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या बागेबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण तिथे पाणी का स्थिर असतं हे फार थोड्यांना माहीत असतं. या शहराची बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून सिडकोने जागोजागी मोठे धारण तलाव ठेवले. भरतीत त्यांची झडपेची दारं पाण्याच्या दाबाने बंद होतात आणि पावसाचं पाणी आत साठतं. ओहोटीला दारं उघडतात आणि ते खाडीत जातं. हे सगळं हॉलंडच्या धर्तीवर. फोटोग्राफरला याचा फायदा असा की खाडीत वाऱ्याने पाणी मोडलेलं असतं तेव्हाही तलाव पुष्कळदा आरशासारखा असतो. इमारतींचं प्रतिबिंब घ्यायचं तर सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा तास. काचेच्या इमारतींवरचं ऊन पाण्यात दुसऱ्यांदा पडतं.

बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेली ही वस्ती, छोट्या चौकांभोवती बैठी घरं, लोकांनी गरजेप्रमाणे वाढवावीत अशी. लोकांनी ती इतकी वाढवली की मूळचं घर शोधावं लागतं, आणि तेच शोधणं हा फोटोचा विषय. लोकांची राहती घरं आहेत, खिडक्यांत लेन्स घालू नका.

वाळूची चौपाटीच हवी असेल तर उरणची पिरवाडी. ती रायगडात, पण १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत गेल्यापासून नेरूळहून सरळ जाता येतं. तिथे नौदलाची आणि तेल-वायूची आस्थापनं आहेत, कॅमेरा समुद्राकडेच ठेवा.

दिवाळ्याचा मासळी बाजार

माणसांचे फोटो शिकायला बेलापूरच्या दिवाळे गावासारखी जागा नाही. पहाटे आकाश अजून निळं असतं, पाट्यांवर पांढरे एलईडी लागलेले असतात, बर्फ फुटत असतो. इथे लांब लेन्स कामाची नाही आणि शोभतही नाही. दूरून चोरून काढलेल्या फोटोत माणूस सावज वाटतो. ३५ मिमी लावा, १/२५०, आयएसओ १६०० आणि जवळ उभं राहा, म्हणजे समोरच्याला तुम्ही दिसता.

त्याआधी विचारायचं. "मावशी, काढू का एक?" हे वाक्य कॅमेरा खाली ठेवून. पुष्कळदा उत्तर येतं, "आदी म्हावरा घे, मंग फोटू कार." हे अगदी रास्त आहे. तिचा धंद्याचा वेळ आहे, गिऱ्हाईक तुमच्यामुळे अडतंय. मी मांदेली घेते, पिशवीत टाकते आणि मग कॅमेरा काढते. नाही म्हणाली तर नाही. मान हलवून पुढच्या पाटीकडे. लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि काढले तरी नेटवर टाकू नयेत.

उजेडाची इथली अडचण म्हणजे निळी ताडपत्री. दिवस उजाडला की तिच्यातून झिरपलेला उजेड सगळ्यांवर पडतो आणि चेहरे, बोंबील, बर्फ, सगळं निळं. आपोआप रंग जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. दोन उपाय. एक, ताडपत्रीच्या कडेला बसलेली बाई निवडा, तिच्या एका गालावर मोकळ्या आकाशाचा उजेड असतो. दुसरा, पाटीतल्या बर्फाच्या चुऱ्याचा फोटो काढून त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. त्याच ताडपत्रीखालचा बर्फ म्हणजे फुकटचा पांढरा कागद. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर तेच काम घरी, बर्फावर क्लिक करून.

नुसते हसरे चेहरे काढून समाधान मानू नका. हात बघा. विळीवर मासा फिरवणारे हात, खवल्यांनी चमकणारी बोटं, नोटा कमरेला खोचणारी मूठ, चिंबोरीच्या नांग्या बांधणारी दोरी. खवले चमकायला उजेड बाजूने हवा. समोरून फ्लॅश मारला की मासा प्लास्टिकचा दिसतो, आणि मावशीचे डोळे दिपतात ते वेगळंच.

पुढल्या खेपेला प्रिंट घेऊन जा. पोस्टकार्ड आकाराची, मॅट. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चार दिवसांत हरवतो, प्रिंट देव्हाऱ्याच्या बाजूला लागते. त्यानंतर तुम्हाला बोलावणी येतात: जाळं विणायला बसलोय ये, नारळी पौर्णिमेला ये, नव्या होडीची पूजा आहे ये. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, बोटी वर ओढलेल्या, रंगकाम, जाळ्यांची डागडुजी. बाहेरचे फोटोग्राफर त्या महिन्यांत फिरकत नाहीत, त्यामुळे कामाला निवांतपणा असतो.

सारसोळे, करावे, वाशी गाव, जुहूगाव इथेही हीच रीत. ही गावं शहराच्या आधीची आहेत. त्यांच्या जमिनींवर सिडकोचं शहर उभं राहिलं. "आमच्या गावचं काय काढता?" असं कुणी जरा चढ्या आवाजात विचारलं तर वाद घालू नका, काढलेले फोटो स्क्रीनवर दाखवा आणि त्यांचं ऐका.

फोन असेल तर

फोनने फ्लेमिंगो होत नाहीत, बाकी सगळं होतं. खाडीकाठची दमट हवा आणि खिशातला तेलकटपणा लेन्सवर बसतो, म्हणून आधी बनियनच्या कापडाने पुसा. बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड थोडा कमी करा. चिमटीने झूम नको, चालत पुढे जा.

खारी हवा आणि पावसाळा

खाडीवरून आलं की कॅमेरा आधी कोरड्या, मग किंचित ओलसर आणि पुन्हा कोरड्या कापडाने पुसायचा. मीठ दिसत नाही, पण रिंगांमध्ये बसतं. एसी खोलीतून थेट काठावर आलात तर लेन्सवर बाष्प धरतं. पिशवी न उघडता वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवा. जून ते सप्टेंबर बुरशीचे महिने. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. पैसे असतील तर विजेवरचा ड्राय कॅबिनेट. सगळ्यात स्वस्त औषध मात्र लेन्स वापरत राहणं.

पावसात खारघरच्या पांडवकड्याकडे जाण्याचा मोह होतो. तिथे माणसं बुडाली आहेत आणि पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. पारसिकच्या रस्त्यावरून ढग खाडीवरून चालून येताना दिसतात, तेवढं पुष्कळ आहे. वीज चमकायला लागली की खाली उतरा.

ड्रोन

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर जागा बघा. नवी मुंबईत आता विमानतळ सुरू झालाय, खाडीपलीकडे तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आहे, उरणकडे नौदल. नकाशावर हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा पट्टा फार थोडा उरतो, आणि पक्ष्यांवर तर ड्रोन कुठेही नकोच. फ्लेमिंगोंना ते घारीसारखं वाटतं आणि अख्खा तलाव एका मिनिटात रिकामा होतो.

घरी आल्यावर

कार्ड त्याच दिवशी रिकामं करा, दोन ठिकाणी. फोल्डरला तारीख, जागा आणि तिथी अशी नावं द्या: "२०२६-०१-२९ चाणक्य माघ शुद्ध एकादशी". त्यात एका ओळीची मजकूर फाइल: भरतीची तक्त्यातली वेळ, पहिला थवा प्रत्यक्ष किती वाजता आला, वारा कुठला, उभं कुठे राहिलो. एक मोसम हे केलंत की तक्त्यातली वेळ आणि तुमच्या जागेवरची वेळ यातला फरक हाती येतो, आणि तो फरक कुठल्याही ॲपमध्ये नाही.

निवड करताना एका सकाळचा एकच फोटो ठेवायचा असा नियम घाला, बाकीचे वेगळ्या फोल्डरात. नेटवर टाकताना पक्ष्यांच्या घरट्याची जागा सांगू नका. तिवरांत बगळ्यांची वीण असते आणि गर्दी तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. कोळीवाड्यातल्या फोटोखाली माणसाचं नाव हवं असेल तर त्याला विचारूनच. आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी कॅलेंडरवर चार तिथ्यांना खुणा करा: दोन्ही पक्षांतली एकादशी, सकाळसाठी, दोन्ही पक्षांतली चतुर्थी, संध्याकाळसाठी. लग्नाच्या तारखा मी त्यानंतर घेते.